सुट्टीचा उद्योग : दाभोळच्या खाडीतली छुपी जादू

पत्ते झाले, कॅरम झाला, व्यापार खेळून खोट्या नोटाही फाटल्या. मे महिना मात्र अजून निम्मा शिल्लक! म्हणून या वेळचा उद्योग जरा मोठा घेऊ या. आपण एक अख्खं जग तयार करायचं आणि मग त्यात शिरून खेळायचं. सामान अगदी थोडं. एक शंभरपानी वही, पेन्सिल, सहा सारखी नाणी आणि चार-पाच सवंगडी.

खेळ असा असतो. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तुम्ही काय करता?" ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं. जमेल की नाही अशी शंका आली, तर नाणी ठरवतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाने असा खेळ छापला आणि तो जगभर पसरला. त्यात किल्ले, सरदार, ड्रॅगन असा सगळा युरोपचा थाट असतो. आपण तो उसना कशाला घ्यायचा? आपल्या किनाऱ्यावर काय कमी आहे?

जागा : वेळणेश्वर, साल : १५०८

रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा काढा. गुहागर तालुक्यात वेळणेश्वर सापडेल. शंकराचं देऊळ, नारळाची दाट आगरं आणि अर्धचंद्रासारखी पुळण. तिथून उत्तरेला, गुहागर ओलांडून गेलं की वाशिष्ठीची खाडी लागते. अलीकडे अंजनवेल, पलीकडे दाभोळ. दक्षिणेला जवळच हेदवी. झाला आपला पट तयार!

साल १५०८ का? कारण युरोपात तेव्हा प्रबोधनयुग ऐन भरात होतं. त्याच वर्षी रोममध्ये मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलच्या छतावर चित्रं रंगवायला घेतली. छप्पन वर्षांचा लिओनार्दो दा विंची आरशात धरून वाचावी लागतील अशा उलट्या अक्षरांत वह्या भरत होता. आणि आपलं दाभोळ? ते आदिलशाहीतलं नावाजलेलं बंदर होतं. दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज माणसाने थोड्याच वर्षांनी तिथल्या व्यापाराचं वर्णन लिहिलं. त्यात घोडे आहेत, तांबं आहे, पारा आणि हिंगूळसुद्धा आहे. पारा आणि हिंगूळ! किमयागारांच्या लाडक्या वस्तू. म्हणजे छुप्या जादूचं सामान बंदरात आधीच उतरलेलं होतं, म्हणा ना.

थोडं वर, मुरूडजवळच्या नांदगावात, केशव दैवज्ञ राहत होते. जुन्या ग्रंथांत ग्रहांचं गणित दिलं आहे ते खरं उतरतं का, हे ते स्वतः आकाशात पाहून ताडत. त्यांचा मुलगा गणेश तेव्हा तान्हा असणार. याच गणेशाने पुढे १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला, तोही वयाच्या तेराव्या वर्षी, असं सांगतात. त्यात त्याने ग्रहगणित इतकं सोपं केलं, की गावोगावचे जोशी शेकडो वर्षं त्यावरून पंचांग करत राहिले.

आधी काय नव्हतं ते लिहा

वहीच्या पहिल्या पानावर एक गमतीची यादी करा : 'आपल्या जगात नसलेल्या गोष्टी'. मिरची नाही! तिखट हवं तर मिरी. काजू नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, पेरू नाही. हे सगळे मूळचे अमेरिका खंडाचे रहिवासी, पोर्तुगीजांचा जम बसल्यावर इकडे आले. हापूसची कलमंसुद्धा नंतरची. चहा तर नाहीच नाही. दाभोळची देखणी शाही मशीद सतराव्या शतकातली, तेव्हा तीही नकाशात दाखवायची नाही. मग आहे काय? भात, नाचणी, नारळ, सुपारी, फणस, रातांबे आणि ताजी मासळी. उपाशी कोणी राहणार नाही, काळजी नको.

जादू लपते कुठे?

आता मुख्य काम. आपल्या जगात जादू आहे, पण ती कोणाला दिसत नाही. का दिसत नाही, हे ठरवल्याशिवाय खेळ रंगत नाही. प्रत्येक जादूसाठी वहीत तीन प्रश्न लिहा. ती काय करते? ती कोण लपवतं, आणि कोणापासून? तिची किंमत काय?

दोन नमुने पाहा.

पहिला, पाऱ्याची करवंटी. दाभोळचा एक व्यापारी नारळाच्या करवंटीत पारा ओततो. क्षितिजापलीकडून गलबत येत असेल त्या बाजूला पारा सरकतो. व्यापारी हे इतर व्यापाऱ्यांपासून लपवतो, म्हणजे भाव आधी त्यालाच कळावा. किंमत? पाहणारा त्या दिवशी आपल्या एका माणसाचं नाव विसरतो. (खरा पारा विषारी असतो बरं का! तो फक्त वहीतच ठेवायचा.)

दुसरा, हेदवीची बामणघळ. खडकातली ही अरुंद चीर तुम्ही पाहिली असेल. भरतीला लाटा आत कोंडतात आणि पाणी उंच उसळतं. आपल्या जगात घळीत बोललेलं वाक्य पुढच्या भरतीला, म्हणजे साडेबारा तासांच्या आसपास, पुन्हा ऐकू येतं. निरोप ठेवायला किती सोयीचं! पण किंमत अशी, की तिथे जो उभा असेल त्या प्रत्येकाला ते ऐकू जातं. (आणि खऱ्या घळीपाशी भरतीच्या वेळी जवळ जायचं नाही. मोठ्यांना घेऊन, लांबून बघायचं.)

तिसरी जादू मात्र मी रचलेली नाही. ती खरीच आहे. कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगतात. पौर्णिमा किंवा अमावास्येला भरती साधारण बाराच्या आगेमागे येते. पुढच्या तिथीला पाऊणपट करायचं, की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. अष्टमी असेल तर सहा. ज्याला हा हिशेब माहीत नाही, त्याला हे सांगणारा तांडेल जादूगारच वाटेल, नाही का?

अशी जादू वाईट कामालाही लागते. २९ फेब्रुवारी १५०४ ची गोष्ट. कोलंबस जमैका बेटावर अडकला होता. तिथल्या लोकांनी त्याला अन्न देणं थांबवलं होतं. त्याच्याजवळ युरोपात छापलेलं पंचांग होतं आणि त्यात त्या रात्रीचं चंद्रग्रहण दिलेलं होतं. त्याने लोकांना सांगितलं, "माझा देव रागावलाय, आज चंद्र काळा करणार आहे." ग्रहण लागलं, लोक घाबरले आणि अन्न घेऊन आले. गणित तेच, ग्रहणही तेच. एकाने ते लपवून लोकांना भिववलं. नांदगावच्या गणेशाने ते सोपं करून सगळ्यांच्या हाती दिलं. तुमच्या जगातला प्रत्येक जादूगार या दोघांपैकी कोणासारखा आहे, ते ठरवा.

एकच कडक नियम

बाकीचे नियम तुम्ही वाटेल तसे वाकवा. एक मात्र वाकवायचा नाही : जादूने माणसाचं श्रेय घ्यायचं नाही आणि माणसाचा दोषही घ्यायचा नाही.

श्रेयाचं सोपं आहे. 'गणेशाला एका यक्षाने ग्रहलाघव सांगितलं' असं लिहिलंत, तर त्या मुलाची सगळी मेहनत यक्षाच्या नावावर गेली. तसं नको. यक्ष हवाच असेल तर त्याला गणेशाचा विद्यार्थी करा!

दोषाचं अवघड आहे. मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. सूड घ्यायला निघालेला आल्मेदा डिसेंबरच्या अखेरीस दाभोळला आला. त्याच्या सैन्याने लहान-मोठं न बघता माणसं मारली आणि शहर जाळलं. तुमच्या खेळात 'ते एका राक्षसाने त्यांच्याकडून करवलं' असं म्हणायचा मोह होईल. करू नका. ते माणसांनी ठरवून केलं. राक्षसावर ढकललं, तर माणसं असं करतात हेच आपण विसरून जाऊ.

म्हणून तुमच्या खेळात दाभोळ वाचणार नाही. मग खेळायचं काय? इतिहासात आल्मेदाचं नाव आहे, बंदराचं नाव आहे. त्या रात्री खाडीतून कोण निसटलं, त्यांची नावं कोणी लिहिलेली नाहीत. तीच तुमची जागा! तिथे तुम्ही हवं ते करू शकता.

नाणी उडवा

अवघड काम असेल तर सहाही नाणी एकदम उडवायची आणि छापे मोजायचे. सोप्या कामाला तीन छापे पुरेत, अवघडाला चार, फारच अवघडाला पाच. सहा नाणी एकूण चौसष्ट प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या ४२ प्रकारांत तीन किंवा जास्त छापे येतात, २२ प्रकारांत चार किंवा जास्त, आणि फक्त ७ प्रकारांत पाच किंवा सहा. पटत नसेल तर कागदावर मांडून बघा. पात्राला जे काम चांगलं येतं, त्यात दोन नाणी पुन्हा उडवायची सवलत.

पात्रं कोणती घ्याल? वेळणेश्वरहून काथ्याचे दोर विकायला आलेला मुलगा, तांडेलाची मुलगी, घोडे घेऊन आलेल्या अरब व्यापाऱ्याचा पोरगा, नांदगावहून निरोप घेऊन आलेला शिष्य. आता थोडा खेळ ऐका :

सूत्रधार : संध्याकाळचे सात वाजले. खाडीच्या तोंडाशी परकी गलबतं उभी आहेत. तुमच्या होडीत सहाजण मावतात. धक्क्यावर अकराजण उभे आहेत. काय करता?

दोरवाला : लगेच निघू या! सहाजणांना घेऊ, मग परत येऊ.

तांडेलाची मुलगी : थांब. आज तिथी कोणती?

सूत्रधार : शुक्ल अष्टमी.

तांडेलाची मुलगी : म्हणजे भरती सहालाच झाली. आता ओहोटी. पाणी आपल्याला ओढून थेट त्यांच्या गलबतांपाशी नेईल!

बघा, इथे एकही नाणं उडालं नाही. अष्टमीची ओहोटी मध्यरात्रीच्या सुमारास संपते. मग पाणी उलटं फिरतं आणि होडीला आत, चिपळूणच्या दिशेला लोटतं. अष्टमीचा अर्धा चंद्रही मध्यरात्रीनंतर मावळतो. काळोख आणि भरती, दोन्ही एकदम! गंमत म्हणजे अष्टमी मी मनाने घेतलेली नाही. चांद्रमासाचे दिवस मागे मोजत गेलं, की १५०८ च्या डिसेंबरअखेर अर्धा चंद्रच येतो. पण मध्यरात्रीपर्यंत थांबायचं म्हणजे पाच तास भीतीत काढायचे. आणि होडीत जागा सहाचीच. उरलेल्या पाचांचं काय? ते मी सांगणार नाही. ते तुमच्या ओटीवर ठरेल.

आई-बाबांसाठी

जादूचा खेळ म्हटल्यावर तुमच्या कपाळावर आठी पडली असेल, तर ती रास्त आहे. प्रबोधनयुगाच्या युरोपात चित्रकला आणि विज्ञान बहरत होतं, आणि त्याच काळात चेटकीण ठरवून माणसं मारण्याचं वेडही वाढत गेलं. तीनेक शतकांत सुमारे चाळीस-पन्नास हजार जीव गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य बायका होत्या. आपल्याकडेही असले प्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. तेव्हा मुलांच्या वहीत एक ओळ तुम्ही स्वतः लिहून द्या : 'या खेळात कोणाही शेजाऱ्यावर करणी केल्याचा आळ घ्यायचा नाही.' शिवाय एखाद्या संध्याकाळी सूत्रधार विचारेल, "आजी, तुम्ही कोण होणार?" तेव्हा नाही म्हणू नका. पाऊणपटीचा हिशेब घरात बहुधा त्यांनाच येत असतो.

तर दोस्तांनो, लागा कामाला. आधी नकाशा, मग 'नसलेल्या गोष्टीं'ची यादी, मग तीन जादू आणि त्यांच्या किमती. वेळणेश्वर लांब असेल तर तुमच्या गावची नदी घ्या, घाट घ्या, तिथलं १५०८ शोधा. आणि तुमच्या होडीतून किती जण पलीकडे पोचले, ते आम्हाला जरूर कळवा!