ते एक हजार तीन कोण?

मारकडवाडीचा विषय निघाला की सोलापुरात अजूनही दोनच सूर ऐकू येतात. ‘खुळी माणसं, आपला उमेदवार निवडून आला तरी रडतात’ हा एक. ‘लोकशाहीची खरी लढाई तिथंच झाली’ हा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत, पहिला तर मुळीच नाही.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, २३ ला निकाल लागला. माळशिरसमधून राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे उत्तम जानकर तेरा हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. पण त्याच मतदारसंघातल्या मारकडवाडी गावात जानकरांना ८४३ आणि भाजपच्या राम सातपुत्यांना १००३ मतं. जानकर गट म्हणाला, गाव आमचं, इथून सातपुत्यांना लीड मिळूच शकत नाही, मतदान यंत्रातच गडबड आहे. ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं गावकऱ्यांनीच ठरवलं, मतपत्रिकाही छापून झाल्या. प्रशासनाने जमावबंदी लावली, गावात पोलीस उतरले आणि मतदान गुंडाळावं लागलं. वर गुन्हे दाखल झाले. मग शरद पवार येऊन गेले, पाठोपाठ भाजपचीही सभा झाली.

उमेदवार जिंकला, मग तक्रार कसली, असं विचारणाऱ्यांना मत म्हणजे नुसती हारजीत वाटते. जानकर पडले असते तर रडीचा डाव म्हणून सोडून देता आलं असतं. जिंकूनही माणसं विचारतात तेव्हा प्रश्न उमेदवाराचा उरत नाही, ‘माझं मत गेलं कुठं’ एवढाच उरतो. आणि हा प्रश्न विचारायला दार कुठलं? सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला मतपत्रिकेकडे परत जायला नकार दिला. यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली ती दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला. इथे तर तक्रार जिंकलेल्याच्या गोटातून. म्हणजे यंत्र तपासून घ्यायचं हे दार मारकडवाडीच्या मतदारासाठी नाहीच. निवडणूक आयोगानेच घ्यायची असते, हे प्रशासनाचं म्हणणं बरोबर आहे. पण शंकेला जमावबंदीने उत्तर दिलं की शंका फिटत नाही, मुरते.

यात पक्षही बघू नका. २००९ ची लोकसभा हरल्यावर भाजपचे जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी मतदान यंत्रांविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं, लालकृष्ण अडवाणींनी त्याला प्रस्तावना दिली. आज यंत्रावर शंका म्हणजे देशद्रोह, असं म्हणणाऱ्यांनी ते जरा चाळावं.

आता दुसरा सूर. तिथे मला एकच विचारायचंय: ते एक हजार तीन कोण? ‘इथून त्यांना लीड मिळूच शकत नाही’ याचा अर्थ, शेजारची एवढी माणसं आपल्या मनाने तसं मत देऊच शकत नाहीत. ज्यांनी खरोखर सातपुत्यांचं बटण दाबलं, त्यांना त्यांच्याच गावाने सांगितलं की तुम्ही नाहीच आहात. आमचं मत मोजलं नाही, ही ज्यांची वेदना, त्यांनीच दुसऱ्याचं मत खोटं ठरवलं. शिवाय ३ डिसेंबरच्या त्या मतदानाला कोण आलं नाही, हे गावजेवणासारखं सगळ्यांना दिसलं असतं.

आमच्या भावकीतलंच सांगतो. निकालाच्या रात्री चुलते मतदारयादी घेऊन बसले होते. घरोघरच्या नावांवर निळ्या पेनाच्या टिका: आपलं, आपलं, फुटकं. बूथचा आकडा आला, बेरीज जुळेना. पेन सरकत सरकत सख्ख्या भावाच्या घरापाशी थांबला. तीन मतं. टिका खोडल्या नाहीत, पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्या संक्रांतीला त्या घरी तिळगूळ गेला नाही.

मतपेटीच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायची सोय होती, कुठल्या गावाने काय केलं हे कळू नये म्हणून. यंत्र आलं आणि बूथबूथचा आकडा उघडा पडला. ‘गावाने लीड दिला नाही, आता निधी मागू नका’ ही धमकी त्याच आकड्यावर उभी राहते. चौदा यंत्रांची एकत्र बेरीज करणाऱ्या ‘टोटलायझर’चा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्येच दिला होता. २०१५ मध्ये विधी आयोगाने २५५व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती मानली नाही.

बूथचे आकडे झाकले तर घोटाळाही झाकला जाईल, हा आक्षेप वजनदार आहे. आकडा उघडा होता म्हणूनच मारकडवाडीला शंका तरी घेता आली. म्हणून दोन्ही एकत्र हवं: बेरीज मिसळून, आणि मत छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांची मोजणी आजच्या विधानसभा मतदारसंघामागे पाच केंद्रांपेक्षा कितीतरी जास्त, मागणी जिंकलेल्याची असो वा हरलेल्याची. शंका यंत्रावर घ्यावी, शेजाऱ्यावर नको.

चुलत्यांनी ती यादी टाकलेली नाही. कपाटात, सातबाऱ्याच्या फाइलखाली आहे. चौदा बूथांचा एकच आकडा आला असता तर त्या रात्री बेरीज जुळवायला त्यांच्यापुढे काही नसतं, आणि भावाच्या घरापुढच्या तीन टिका तशाच राहिल्या असत्या.