शालनबाईंचा पगार

मैत्रिणींनो, किराण्याचा हिशेब आपण पै-पैचा लिहितो. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर मांडतो. पण आपलं मूल दिवसभर सांभाळणाऱ्या बाईंना किती दिले, कधी दिले, याची नोंद कुठं असते का हो? माझ्याकडे तरी नव्हती.

शालनबाई आमच्याकडे ५ वर्षं आहेत. मी शाळेत तासांवर शिकवते ती त्यांच्या जिवावर. साडेसातला येतात, धाकट्याचं न्हाणं, भरवणं, झोपवणं करतात आणि मी दीडला आले की जातात. पगार रोख, हातावर. मध्येच पाचशेची उचल, कधी हजाराची. हिशेब दोघींच्या डोक्यात. मग "ताई, मागचे फिटले ना?" "अहो, तीनशे राहिलेत की," अशी कुरबुर ठरलेली.

गेल्या पावसाळ्यात त्या एक अर्ज घेऊन आल्या. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कायदा झाला, त्यातून कल्याण मंडळ आलं. १८ ते ६० वयाच्या बायकांना जिल्ह्याच्या कामगार कार्यालयामार्फत तिथं नाव नोंदवता येतं. अर्जाला मालकिणीचा दाखला हवा होता. मी पेन उचललं, तोच सासूबाई आतून म्हणाल्या, "लिहून-बिहून देऊ नकोस गं, उद्या गळ्यात पडेल." खरं सांगते, मी "बघू, पुढच्या आठवड्यात" म्हटलं आणि कागद कपाटावर ठेवला.

आता गंमत बघा. मी स्वतः शाळेकडे अनुभवाचा दाखला दोन वर्षं मागतेय. त्याच आठवड्यात ऑफिसात पुन्हा विचारलं, तर उत्तर आलं, "बघू, पुढच्या आठवड्यात." अगदी हेच शब्द! घरी आले, चपलाही न काढता तो कागद खाली काढला आणि दाखला लिहिला : नाव, काम, केव्हापासून, पगार किती, खाली माझी सही.

सासूबाईंची भीती काढायला आमच्या ह्यांनी चौकशी केली. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागतो. एक बाई ठेवणाऱ्या घराला नाही. एवढ्या पगारावर बाईंना आयकरही नाही. म्हणजे कागदावर आणल्यानं आपल्यावर बोजा काहीच पडत नाही. उलट उद्या उचलीवरून वाद झाला तर दोघींनाही आधार.

मग मी म्हटलं, पगार बँकेत भरू. शालनबाई गप्प. दोन दिवसांनी पोळ्या लाटताना मीच पुन्हा विषय काढला, तेव्हा म्हणाल्या, "ताई, खातं हाय. पर कार्ड ह्यांच्याकडं, अन् फोनबी त्यांचाच लावलाय." म्हणजे मी मोठ्या शहाणपणानं पैसे थेट नवऱ्याच्या हातात घालणार होते! आम्ही दोघी बँकेत गेलो, त्यांच्या एकटीच्या नावानं दुसरं खातं उघडलं आणि त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर लावला. तुम्ही खात्यात पैसे घालणार असाल तर आधी हे विचाराच, आणि तेही चारचौघांत नको.

खात्याचा आणखी उपयोग झाला. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा, आणि ४३६ रुपयांत तेवढाच आयुर्विमा मिळतो. हप्ता खात्यातून परस्पर जातो. दोन्ही मीच भरते. ई-श्रम कार्डही काढलं, ते फुकट आहे. आधार कार्ड आणि बँकेचं खातं लागतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. २०१९ साली केंद्र सरकारनं असंघटित कामगारांसाठी पेन्शन योजना आणली. महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालणार आणि साठीनंतर महिना ३००० रुपये. पण नाव घालायला वय १८ ते ४० हवं. शालनबाई आता ४३ च्या. आमच्याकडे आल्या तेव्हा ३८ च्या होत्या. तुमच्याकडच्या बाई चाळिशीच्या आतल्या असतील तर आजच चौकशी करा. (आणि "पोरगी बाळाशी खेळेल" म्हणून १४ वर्षांखालची मुलगी ठेवायचा विचार कुणी करत असेल तर तो सोडा. कायद्यानं तो गुन्हा आहे.)

आता आमच्याकडे शंभर पानी वही आहे. तारीख, पगार, उचल, खाडे, दिवाळीचा एक पगार आणि दोघींच्या सह्या. आठवड्याची सुट्टी आणि महिन्याच्या दोन भरपगारी रजा पहिल्याच पानावर लिहिल्यात. मे महिन्यात मला शाळा नसते, तेव्हा पगार अर्धा की पूर्ण, यावर बरीच चर्चा झाली. पूर्ण ठरला. सासूबाईंना अजून पटलेलं नाही, पण वही देवघराच्या फळीवर त्याच ठेवतात.

पहिल्या महिन्यात सही करण्याआधी शालनबाईंनी बोटं मोजत बेरीज तपासली, आणि बीए झालेल्या बाईची ४० रुपयांची चूक काढली.