रेषा कोणी ओढली? अलाबामाच्या सात मतदारसंघांचा धडा

निवडणूक आली की आपल्या वस्तीत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तिकीट कोणाला? आणि निवडून कोण येणार? तिसरा प्रश्न विचारायची आपल्याला सवयच नाही. या मतदारसंघाची हद्द कोणी आखली, आणि आखताना आपली वस्ती कोणत्या बाजूला टाकली? आम्ही म्हणतो, हा तिसरा प्रश्न सर्वात आधी विचारायचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दुसऱ्याने देऊन ठेवले असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मतदानाच्या कितीतरी आधी ठरलेली असतात.

हे आम्ही हवेत बोलत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतले अलाबामा राज्य बघा.

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिच्या प्रतिनिधीगृहात अलाबामाच्या वाट्याला सात जागा आहेत. 2020 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे 50 लाख 24 हजार होती. त्यात कृष्णवर्णीय सुमारे 27 टक्के, म्हणजे दर चार माणसांमागे एकाहून जास्त. साधा हिशेब केला तरी सातपैकी दोन जागांवर त्यांच्या मताचे वजन चालायला हवे. प्रत्यक्षात 1992 पासून 2022 पर्यंत कृष्णवर्णीय मतदारांचे बहुमत असलेला मतदारसंघ एकच होता, सातवा. आणि त्याच्या आधी? 1877 मध्ये जेरमाया हॅरलसन यांची मुदत संपली, त्यानंतर 1993 मध्ये अर्ल हिलियर्ड यांनी शपथ घेईपर्यंत अलाबामातून एकही कृष्णवर्णीय खासदार काँग्रेसमध्ये गेला नाही. 116 वर्षे! गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी सांगावे, या 116 वर्षांत तिथे एकही लायक माणूस जन्माला आला नव्हता काय?

माणसे होती. त्यांना आधी मतदार यादीतून हाकलले, आणि ती यादीत परत आली तेव्हा नकाशाने हाकलले.

1901 साली अलाबामाने नवी राज्यघटना केली. ती करणाऱ्या अधिवेशनाच्या अध्यक्षानेच गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याने पक्के करणे हा हेतू असल्याचे उघड सांगितले होते. मतदानासाठी कर आला, साक्षरतेची परीक्षा आली, मालमत्तेची अट आली. राज्यात मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय पुरुष 1 लाख 80 हजारांहून जास्त होते. दोन-तीन वर्षांत यादीवर उरले जेमतेम तीन हजार. कायद्यात 'काळा' हा शब्द लिहायची गरजच पडली नाही. आपल्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. जातीचे नाव न घेता जात कशी पाळतात, हे आपण रोज बघतो.

मग टस्कीगी शहराचे प्रकरण. तिथे कृष्णवर्णीयांचे मोठे शिक्षणकेंद्र होते. शिकलेली माणसे साक्षरतेची परीक्षा पास होऊ लागली, यादीत येऊ लागली. तेव्हा 1957 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने शहराची हद्दच बदलली. चौकोनी शहर 28 बाजूंचे वेडेवाकडे झाले. सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळे रातोरात शहराबाहेर गेले. गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. घर तेच, रस्ता तोच, फक्त मत गेले. तिथले प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले आणि 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकले. आपल्यातल्या शिकलेल्या मंडळींनी हे नाव लक्षात ठेवावे. नोकरी सांभाळून चळवळीला वर्गणी देणे आणि स्वतःच्या नावाने सरकारवर खटला भरणे, यात फरक आहे.

7 मार्च 1965 रोजी सेल्मा गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या निःशस्त्र मोर्चावर लाठ्या आणि अश्रुधूर चालला. त्याच वर्षी 6 ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला. सेल्माच्या शेजारच्या लाउंड्स काउंटीत सुमारे 80 टक्के लोक कृष्णवर्णीय होते, आणि 1965 च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांचा एकही माणूस नव्हता. तिथल्या शेतमजुरांनी कोणत्याही मोठ्या पक्षाच्या दारात न जाता स्वतःचा पक्ष काढला. राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह तेव्हा पांढरा कोंबडा होते. यांनी चिन्ह घेतले काळा पँथर. 1966 च्या निवडणुकीत ते हरले. 1970 मध्ये त्यांच्यातलेच जॉन ह्युलेट त्या काउंटीचे शेरीफ झाले.

तो पँथर पुढे कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक पँथर पक्षाने उचलला आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरच्या नावात आला. आपण पँथरचा टी-शर्ट घालतो, डीपी ठेवतो. पण तो पँथर मुळात मतपत्रिकेवरचे निवडणूक चिन्ह होता, हे किती जणांना ठाऊक आहे? डरकाळी आपण घेतली. मतदार यादी, हद्द आणि मतपत्रिकेचा किचकट अभ्यास मात्र तिथेच राहिला.

आता आजच्या लढाईकडे येऊ. राज्याच्या मधोमध काळ्या मातीचा आडवा पट्टा आहे, त्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात. नाव मातीवरून पडले. त्या मातीत कापूस पिकवायला जुंपलेल्या गुलामांचे वंशज आजही तिथल्या बहुतेक काउंट्यांत बहुसंख्य आहेत. 2021 च्या नकाशात या पट्ट्याचे तुकडे करून ते वेगवेगळ्या मतदारसंघांत वाटले, आणि शक्य तितके कृष्णवर्णीय मतदार सातव्यात कोंबले. एकीकडे कोंबायचे, दुसरीकडे फोडायचे. जिथे कोंबले तिथे गरजेपेक्षा जास्त मते वाया जातात, जिथे फोडले तिथे ती कधीच पुरत नाहीत. अलाबामात गोरे आणि कृष्णवर्णीय जवळपास विरुद्ध बाजूंना मत देतात. त्यामुळे नकाशा बघून निकाल आधीच सांगता येतो.

इव्हान मिलिगन आणि इतर नागरिक न्यायालयात गेले. जानेवारी 2022 मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने नकाशा रोखला. या तिघांपैकी दोघांची नेमणूक डोनाल्ड ट्रम्प यांनीच केली होती, म्हणजे हे डाव्यांचे कारस्थान होते असे म्हणायची सोय नाही. पण पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि 2022 ची निवडणूक त्याच नकाशावर पार पडली. निवडणूक जवळ आल्याचे कारण पुढे आले. अन्याय करणाऱ्याला वेळ नेहमी पुरतो, अन्याय दूर करायचा तर घड्याळ आडवे येते.

8 जून 2023 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनीच मिलिगन यांच्या बाजूने निकाल दिला. आता विधिमंडळाने काय केले? कृष्णवर्णीय बहुमताचा किंवा त्याच्या अगदी जवळ जाणारा दुसरा मतदारसंघ करा, असे सांगितलेले असताना त्यांनी दुसऱ्या मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार सुमारे 40 टक्क्यांवरच थांबवले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सरळ अंगठा दाखवला. शेवटी ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयाने विधिमंडळाला बाजूला सारून आपण नेमलेल्या तज्ज्ञाचा नकाशा लागू केला. मे 2025 मध्ये तर तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने विधिमंडळाचा 2023 चा नकाशा हेतुपुरस्सर भेदभाव करणारा होता, असेच ठरवले.

5 नोव्हेंबर 2024 रोजी या नव्या नकाशावर मतदान झाले. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मतदारसंघांत डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारसुद्धा दिला नव्हता. पहिला आणि सहावा रिपब्लिकनांनी सहज घेतला. सातव्यात टेरी सिव्हेल पुन्हा आल्या. खरी लढत फक्त दुसऱ्या मतदारसंघात झाली. मोबाइल शहरापासून माँटगोमेरीमार्गे जॉर्जियाच्या सीमेपर्यंत पसरलेल्या या मतदारसंघात शोमारी फिगर्स सुमारे 54 टक्के मते घेऊन जिंकले. 1981 मध्ये मोबाइल शहरात मायकल डोनाल्ड या 19 वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला क्लॅनच्या गुंडांनी मारून झाडाला लटकवले होते. त्याच्या आईच्या वतीने लढून त्या संघटनेला 70 लाख डॉलरच्या निकालाने मोडीत काढणाऱ्या वकिलांपैकी एक मायकल फिगर्स. शोमारी हे त्यांचे चिरंजीव. रेषा सरकली आणि असा माणूस संसदेत पोहोचला. मतदार तेच होते, माती तीच होती.

आता विरोधकांच्या लाडक्या युक्तिवादाकडे वळू. अलाबामा सरकारने न्यायालयात सांगितले की नकाशा वंश न बघता काढावा. संगणकाने वंशाकडे न पाहता काढलेल्या नकाशांत असे दोन मतदारसंघ येत नाहीत, म्हणून ते मागणे हाच वंशवाद! ओळखीचे वाटते ना? 'आता जात कुठे राहिली? जातीचे नाव काढणारेच जातीयवादी.' मात्र याच विधिमंडळाने समुद्रकिनाऱ्याचा गोरेबहुल भाग एकत्र ठेवायचा म्हणून तिथल्या फ्रेंच आणि स्पॅनिश वसाहतींचा वारसा कायद्यात नमूद केला. म्हणजे गोऱ्यांचा इतिहास ही संस्कृती, आणि गुलामांच्या वंशजांचा इतिहास पाहिला की तो पक्षपात. 1957 मध्ये 28 बाजू मोजून आखणाऱ्यांना 2021 मध्ये अचानक काही दिसेनासे झाले. सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद तेव्हा फेटाळला. पण ज्या कलमावर हा विजय उभा आहे, ते कलमच घटनेत बसते का, हा प्रश्न लुईझियानाच्या खटल्यातून पुन्हा त्याच न्यायालयापुढे नेला गेला. कागदावर जिंकलेले कोणी कायमचे देत नाही. ते राखावे लागते.

बाबासाहेबांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते. ते साम्य आपण भाषणात सांगतो. इथे फरकही सांगू, कारण तो आपल्या वर्मावर बोट ठेवतो. अलाबामाच्या दुसऱ्या मतदारसंघात जागा कोणासाठीही राखीव नाही. कोणीही उभे राहावे. राखले आहे ते मतदाराचे वजन. मार्च 2024 च्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत अनेक उमेदवार होते. एप्रिलमधल्या दुसऱ्या फेरीत फिगर्स आणि अँथनी डॅनियल्स हे दोन कृष्णवर्णीय नेते समोरासमोर आले, आणि निवड करताना कृष्णवर्णीय मतदारांचा शब्द चालला. आपल्याकडे 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराने उलटे केले. जागा 148 झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. अस्पृश्यांनी चार जणांचे पॅनेल निवडायचे आणि त्यातला कोणता हवा हे सर्वांनी मिळून, म्हणजे सवर्ण बहुसंख्येने ठरवायचे. पुढे पॅनेलही गेले. आज महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी लोकसभेच्या पाच जागा राखीव आहेत: अमरावती, रामटेक, लातूर, सोलापूर आणि शिर्डी. यांपैकी एकाही मतदारसंघात अनुसूचित जातींचे मतदार बहुसंख्य नाहीत. उमेदवार आपला, पण त्याला निवडणारे हात दुसऱ्यांचे. मग तो खासदार कोणाचे तोंड बघून बोलेल? कांशीराम साहेबांनी पुणे कराराला 50 वर्षे झाली त्या दिवशी 'चमचा युग' हे पुस्तक काढले, ते याच कारणासाठी.

अलाबामा स्वर्ग आहे असे आम्ही म्हणत नाही. फिगर्सही एका मोठ्या पक्षाचेच आहेत आणि पक्षशिस्त त्यांनाही आहे. पण दर दोन वर्षांनी त्यांना परत यावे लागते ते ब्लॅक बेल्टच्याच दारात. हा लगाम आपल्या हातात नाही.

मग आपण काय करायचे? पुन्हा अलाबामाच बघा. मोबाइल शहरात नगर प्रशासनाचे तिन्ही आयुक्त संपूर्ण शहराच्या मतांनी निवडले जात. लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश असूनही कृष्णवर्णीय आयुक्त कधीच झाला नाही. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, हेतू सिद्ध करा. 1982 मध्ये काँग्रेसने कायदाच बदलला आणि हेतू नव्हे, परिणाम पाहा असे ठरवले. 1985 मध्ये सात वॉर्ड झाले आणि कृष्णवर्णीय नगरसेवक आले. आता मुंबई सोडून आपल्या बहुतेक महानगरपालिकांतले बहुसदस्यीय प्रभाग आठवा. एका वॉर्डात निर्णायक ठरली असती अशी वस्ती चौपट मोठ्या प्रभागात विरघळून जाते. प्रारूप प्रभागरचना जाहीर होते, हरकती-सूचनांची मुदत लागते, आणि ती मुदत आपण बॅनर छापण्यात घालवतो.

तेव्हा तरुणांनो, पुढची प्रारूप रचना जाहीर होईल त्या दिवशी नकाशा डाउनलोड करा. आपली वस्ती कुठे तोडली, कुठे कोंबली ते मोजा. प्रगणक गटांचे लोकसंख्येचे आकडे काढा. मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला स्वतः उभे राहा, आणि फेटाळली तर न्यायालयात जा. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, फोटो निघत नाहीत. गोमिलियन आणि मिलिगन यांनी हेच केले. काळ्या पँथरला मतपत्रिकेवर नेणाऱ्या लाउंड्सच्या शेतमजुरांनीही हेच केले.

जयभीम!