कर राज्याचा, भार शहराचा

पहिल्या पाळीच्या कामगारांना घेऊन वाळूजकडे जाणाऱ्या बसगाड्या गारखेडा परिसरातून पहाटेच निघतात. कारखाना महापालिकेच्या हद्दीबाहेर, कामगाराचे घर हद्दीच्या आत. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक भरभराटीचा हिशेब मांडताना ही साधी गोष्ट सहसा विसरली जाते.

मराठवाड्यात उद्योग आले ते येथील हवापाण्यावर भाळून नव्हे. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, 1964 मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली आणि मुंबई-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या उद्योजकाला पुढे विक्रीकराच्या सवलती मिळत गेल्या. त्यांतील विलंबित भरण्याची सवलत मोठी चतुर होती. ग्राहकाकडून कर आज वसूल करावयाचा आणि सरकारजमा काही वर्षांनी करावयाचा. म्हणजे करच बिनव्याजी भांडवल झाला. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्यामागोमाग सुट्या भागांचे लघुउद्योग उभे राहिले. हे केवळ सवलतींनी घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तशाच सवलती लाभलेले कित्येक तालुके आजही पहिल्या मोठ्या कारखान्याची वाट पाहत आहेत. तथापि राज्याने करावर पाणी सोडले आणि त्याचे फळ मिळाले, हे नाकारता येणार नाही.

त्या फळाचा भार मात्र शहराने उचलला. 1982 साली महापालिका स्थापन झाली. पूर्वीच्या खेड्यांची शहरी वस्ती झाली, शेतजमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेल्या आणि रेखांकनाची मंजुरी नसलेल्या भूखंडांवर कामगारांनी घरे बांधली. गुंठेवारीचा कायदा 2001 साली झाला. 2021 च्या दुरुस्तीने 2020 अखेरपर्यंतची बांधकामे त्यात घेतली. दोन्ही वेळा घर आधी, कायदा मागाहून, आणि रस्ता व मलनिस्सारण त्याहून मागे!

हा खर्च भागवावा कशातून? जकात होती तेव्हा नाक्यावर मालमोटारी तिष्ठत उभ्या राहत. तिच्या निधनाबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक गुण होता. शहराचा व्यापार वाढला की शहराचे उत्पन्न वाढे. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर 2015 साली बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा करात उरलासुरला विलीन झाला. आता राज्याकडून भरपाई मिळते व ती दरसाल 8 टक्क्यांनी वाढावी अशी कायद्यात तरतूद आहे. परंतु शहरात दहा नवे कारखाने आले काय, किंवा चार बंद पडले काय, ही रक्कम तीच! शहराच्या उत्कर्षाशी महापालिकेच्या तिजोरीचा संबंधच तुटला. उरली मालमत्ता कराची आणि पाणीपट्टीची वसुली. त्यातही 2022 साली वार्षिक पाणीपट्टी 4050 रुपयांवरून 2025 रुपयांवर आणली गेली. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत असताना पूर्ण पट्टी मागावी कोणत्या तोंडाने, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण अर्ध्या पट्टीत पाणीपुरवठा सुधारत नाही, हेही तितकेच खरे.

याच गारखेड्यातला वाळूजचा कायम कामगार वर्षाला 2500 रुपये व्यवसायकर भरतो. त्याच्या पाणीपट्टीहून ही रक्कम अधिक आहे आणि ती थेट राज्याच्या तिजोरीत जाते. हा कर स्थानिक संस्थांसाठीही लावता येतो, हे राज्यघटनेच्या 276 व्या अनुच्छेदात स्पष्ट आहे. तामिळनाडू व केरळमध्ये तो स्थानिक संस्थाच वसूल करतात. महाराष्ट्राने 1975 साली तो रोजगार हमीसाठी लावला. 1972 च्या दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती आणि मराठवाड्याने तरी त्या योजनेचे ऋण विसरू नये. म्हणूनच संपूर्ण कर मागणे अन्यायाचे होईल. निम्मा वाटा, कामगार ज्या शहरात वा गावात राहतो तेथील संस्थेला मिळावा. नोकऱ्या वाढल्या की हा वाटा आपोआप वाढेल; म्हणजे कारखाना हद्दीबाहेर असला तरी तो यावा यात महापालिकेचा स्वार्थ निर्माण होईल.

राज्य सरकार यास सहजी तयार होणार नाही. उद्योजकाला सवलत देताना मंत्र्यांचे छायाचित्र छापून येते. महापालिकेला हक्काचे उत्पन्न देताना तसे काही घडत नाही. शिवाय 2500 रुपयांची कमाल मर्यादा 1988 साली ठरली, ती अद्याप हललेली नाही. तिच्यात वाढ करणे संसदेच्या हाती आहे. वाटा देणे मात्र राज्याच्या हाती आहे आणि त्यासाठी दिल्लीकडे बोट दाखविता येणार नाही.