गिझर गळतोय? आधी बटण बंद करा

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरचा गिझर गळू लागला. पंधरा लिटरचा, मोरीच्या वर भिंतीला टांगलेला, आठ वर्षे वापरातला. सुरुवातीला मिनिटाला दोन-चार थेंब पडत. आम्ही खाली बादली ठेवली आणि आपापल्या कामाला लागलो. आठवड्याभरात बादली संध्याकाळपर्यंत भरू लागली. शेजारच्या काकांनी एम-सील लावायला सांगितले, तेही लावून झाले. असे तीन आठवडे गेले. मग एके दिवशी पहाटे आई म्हणाली, "अरे, नळाला हात लावला की मुंग्या येतात." आम्ही हसलो. थंडीने हात बधिर होत असतील, म्हणालो.

दोन दिवसांनी वस्तीतला वायरमन शेजारी दुसऱ्या कामासाठी आला, तेव्हा सहज त्याच्या कानावर ही गोष्ट घातली. त्याने नळाला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला. मग त्याने मेन बंद करून गिझरचा बोर्ड उघडून दाखवला. सॉकेट तीन भोकांचे होते, पण वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नव्हती. म्हणजे आठ वर्षे आमच्या घरी गिझरला अर्थिंग नव्हते आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आई मोरीत प्लास्टिकची चप्पल घालून जायची. तेवढ्यावर तिचा जीव वाचला, असे वायरमन म्हणाला आणि आम्हालाही तेच वाटते.

गळका गिझर म्हणजे प्लंबरचे काम, असे आपण धरून चालतो. आमचे म्हणणे असे, की ते आधी विजेचे काम आहे. गळती दिसली की त्याच मिनिटाला गिझरचे बटण बंद झाले पाहिजे, आणि गिझरला अर्थिंग असल्याची खात्री होईपर्यंत ते पुन्हा चालू होता कामा नये. याला थोडी अडचण होईल, दोन दिवस गॅसवर पाणी तापवावे लागेल. पण ही अडचण सोसण्यासारखी आहे.

पाणी आणि वीज एकत्र आली की काय होते, हे समजून घेऊ. गिझरच्या टाकीत खालच्या बाजूला हीटिंग एलिमेंट असते. साधारण घरगुती गिझर २००० वॉटचा, म्हणजे जवळपास ९ अँपिअर करंट खेचणारा. एलिमेंटच्या वायरी जिथे जोडतात, ती जागा टाकीच्या अगदी लगत, झाकणाखाली असते. तिथले रबरी गॅस्केट कुजले की पाणी थेट वायरींवर उतरते. बोअरचे जड पाणी असेल तर एलिमेंटवर क्षार साचतात, त्याचे आवरण तडकते आणि करंट आतल्या पाण्यातच उतरतो. आपले नळाचे पाणी क्षारयुक्त असल्याने त्यातून वीज वाहते. अंग ओले, पाय ओल्या फरशीवर, हात धातूच्या नळावर. त्यावेळी करंटला जमिनीत जायला सर्वांत सोपी वाट म्हणजे आपले शरीर.

"आमच्याकडे एमसीबी आहे, झटका लागला तर तो पडेल," असे बरेच जण सांगतात. हा समज जीवघेणा आहे. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त करंट गेल्यावर पडतो. तो वायरी जळू नयेत म्हणून असतो. माणसाचा जीव घ्यायला १६ अँपिअरचा शंभरावा भागसुद्धा पुरतो, आणि तेवढ्याने एमसीबी जागचा हलत नाही. माणसाला वाचवणारे उपकरण वेगळे, त्याचे नाव आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यायचा. बाहेर गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात तेवढी तफावत पडली, की तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावर एक टेस्ट बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहायचे. दाबल्यावर वीज गेली तर तो ठीक आहे. आणि अर्थिंग असेल तर माणसाने हात लावण्याआधीच गळणारा करंट जमिनीत जातो, आरसीसीबी पडतो. म्हणून दोन्ही हवेत.

आता गळती कुठली, ते पाहू. वीज बंद केल्यावरच हे पाहायचे. गिझर कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि पाणी कुठून येते ते नीट बघा.

पाणी वरच्या पाइपच्या जोडातून येत असेल, तर बहुतेक वॉशर किंवा जोडपाइप खराब झालेला असतो. हे स्वस्तातले काम आहे.

पाणी थंड पाण्याच्या बाजूला असलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडातून येत असेल आणि तेही फक्त गिझर तापत असताना थोडे थोडे, तर घाबरू नका. पाणी तापले की फुगते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेले तर ते पाव लिटरच्या आसपास वाढते, आणि त्या वाढीला बाहेर पडायला हीच वाट आहे. काही घरांत या व्हॉल्व्हच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली किंवा एम-सील भरलेले आम्ही पाहिले आहे. असे कधीही करू नका. थर्मोस्टॅट बिघडला आणि ही वाटही बंद असली तर टाकी फुटू शकते. या व्हॉल्व्हमधून गिझर बंद असतानाही सतत पाणी वाहत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह बदलायला हवा.

पाणी गिझरच्या तळातून, झाकणाच्या फटीतून किंवा अंगातून झिरपत असेल, तर ते सर्वांत वाईट. एकतर एलिमेंटचे गॅस्केट गेले आहे किंवा टाकी आतून गंजली आहे. गॅस्केट बदलता येते. गंजलेली टाकी एम-सीलने बरी होत नाही, ती बदलावीच लागते. आमची टाकीच गेली होती. वरून लावलेल्या एम-सीलने तीन आठवडे आम्हाला खोटा धीर दिला, एवढेच त्याचे काम.

करायच्या गोष्टींचा क्रम पाठ करून ठेवा. पहिले, कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून गिझरचे बटण बंद करा. भिंत किंवा बोर्ड ओला असेल तर त्याला हात न लावता मीटरजवळचा मेन पाडा. दुसरे, गिझरला जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करा. तिसरे, टाकी निवू द्या. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, म्हणून गरम टाकीचा जोड कधी सोडू नका. चौथे, माहीतगार माणसाला बोलवा. आणि पाचवे, गिझर बंद आहे म्हणून बादलीत इमर्शन रॉड टाकून काम भागवू नका. अर्थिंग नसलेल्या घरात रॉड गिझरइतकाच धोक्याचा, मुले असतील तर त्याहून जास्त.

त्या खाली ठेवलेल्या बादलीबद्दलही बोलले पाहिजे. सलाईनच्या हिशेबाने साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी जमते. मोरीच्या कोपऱ्यातली ही बादली आठवडाभर तशीच राहिली, की त्यात डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. ओल्या भिंतीला बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाला रात्री खोकल्याची उबळ येते. दहा बाय बाराच्या खोलीत मोरी आणि झोपायची जागा यात अंतर ते किती! म्हणजे करंट लागला नाही तरी गळका गिझर घरातल्या कुणाला ना कुणाला आजारी पाडतोच.

आता खर्चाचा प्रश्न. आम्ही लोकांशी बोललो तेव्हा दोन उत्तरे पुन्हा पुन्हा मिळाली. एक, "खोली भाड्याची आहे, मालक करेल." दुसरे, "वस्ती पुनर्वसनात जायची आहे, आज-उद्या पाडतील, कशाला पैसे घालायचे?" दोन्ही म्हणणी खरी आहेत. हातावर पोट असणाऱ्याने पैसा जपून वापरलाच पाहिजे. पण पाडायची वस्ती दहा-दहा वर्षे उभी राहते आणि त्या दहा वर्षांत दहा हिवाळे येतात. मालक करेल म्हणून थांबलो, तर नळाला हात मालकाचा लागत नाही, घरात सर्वांत आधी उठणाऱ्या बाईचा लागतो. शिवाय आरसीसीबी भिंतीत गाडलेला नसतो. घर सोडताना वायरमनकडून काढून सोबत नेता येतो. त्याची किंमत नव्या गिझरपेक्षा बरीच कमी आहे. आमचे तर मत आहे, की गिझरसाठी पैसे साठवताना अर्थिंग आणि आरसीसीबी त्याच हिशेबात धरावेत. तेवढे जमत नसेल तर गिझर पुढच्या वर्षी घ्यावा.

अर्थिंगचा खर्च गल्लीने मिळून करता येतो. परवानाधारक वायरमनकडून एक चांगला अर्थिंगचा खड्डा करून घेतला, तर लगतच्या काही घरांना त्यावरून वायर देता येते. मात्र आरसीसीबी प्रत्येक घराचा वेगळा हवा. आणखी एक सावधगिरी. काही जण अर्थिंग नसले की सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थिंगच्या भोकाला जोडून देतात आणि "झाले अर्थिंग" म्हणतात. पुढे कुठे न्यूट्रल तुटला, तर गिझरचे सगळे धातूचे अंग जिवंत होते. असे जोडकाम दिसले तर लगेच काढायला सांगा. गिझर लावायचा तो १६ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटवर, ६ अँपिअरच्या नव्हे. विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहूनच घ्या.

एवढे करूनही कुणाला करंट लागलाच, तर त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन पाडा. मेन जवळ नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला वेगळे करा. श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. गरम पाण्याने भाजले तर भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यातले काही लावू नका.

ज्यांच्याकडे गॅस गिझर आहे त्यांनी हे वाचून निर्धास्त होऊ नये. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध होतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच असावा.

आमच्या घरच्या प्रकारात आम्हाला सर्वांत जास्त कशाची लाज वाटली असेल, तर आईच्या बोलण्यावर हसल्याची. तिने धोका बरोबर ओळखला होता. आम्ही न तपासता तिला खोटे पाडले. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पारखून पाहावे, ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. मग "नळाला मुंग्या येतात" असे घरातले कुणीही, अगदी लहान मूलही म्हणाले, तर आधी मेन पाडावा आणि मग तपास करावा.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे थांबू या. आपल्या गल्लीत किती घरांत गिझर किंवा रॉड आहे, त्यातल्या किती घरांना अर्थिंग आहे, याची एका वहीत यादी करू. वायरमनला एकाच दिवशी सगळ्या घरांसाठी बोलावले तर प्रत्येकाचा खर्चही कमी येईल. थंडी सुरू होण्याआधी एवढे झाले पाहिजे. आणि यादी होईपर्यंत ज्यांच्या गिझरखाली आज बादली आहे, त्यांनी हे पान बाजूला ठेवून आधी बटण बंद करून यावे.