शेवाळ खातो म्हणून चालतो?



हल्ली आपल्यातल्या काही घरांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी दिसते. तिच्यात हमखास निळा टँग असतो, म्हणजे ‘फाइंडिंग निमो’ सिनेमातली मुलांची लाडकी डोरी. "अहो, तो शेवाळ खातो, शाकाहारी आहे, आपल्यात चालतो," असं मला दोघी-तिघींनी सांगितलं. मला हे पटत नाही.

पिवळा टँग बहुतेक शेवाळावर जगतो, हे खरं. निळा मात्र समुद्रात पाण्यात तरंगणारे बारीक जीवही खातो. माशांच्या बाजारी दाण्यांत तर बहुधा माशांचीच भुकटी असते. बिस्किटाचा पुडा आपण उलटून वाचतो, तसा हा डबाही वाचा. आणि आपल्याला चालत नाही म्हणून त्याला नुसत्या वाळवलेल्या शेवाळाच्या पट्टीवर ठेवलं, तर त्याचं पोट खपाटीला जातं, रंग उतरतो. अष्टमी-चतुर्दशीचा उपवास आपला, त्याचा नव्हे!

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. शेवटच्याचं वर आलंच. पहिला तर टाकी घेतानाच घडतो. दुकानात दोन इंचांचा दिसणारा हा मासा फूटभर वाढतो, दिवसभर पोहतो. त्याला सहा फुटी टाकीही फार नाही. आपल्याकडे तीन फुटीत सोडतात. कोंडला की बिथरतो, मग अंगावर पांढरे ठिपके येतात. हा परोपजीवीचा रोग टँगला फार लवकर धरतो. म्हणून नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा असतो. रोग आलाच तर सगळे मासे काढून त्यांच्यावर वेगळं औषध करायचं आणि मोठी टाकी दोन-अडीच महिने माशांविना ठेवायची. दुकानदार हे सांगत नाही.

माझी बी.कॉम.ची खोड, हिशेब मांडतेच. मासा एकदाच घेतो. मीठ, पंप, दिवे, उन्हाळ्यात पाणी गार ठेवणारं यंत्र आणि वीज गेली तर इन्व्हर्टर, हा खर्च त्याच्या आयुष्यभराचा.

फ्लोरिडा विद्यापीठात 2016 साली निळ्या टँगची पैदास जमली, पण बाजारातले बहुतेक अजून समुद्रातूनच धरून आणलेले. तेव्हा नव्याने आणूच नये, असं माझं स्पष्ट मत.

घरात आधीच असेल, तर जीवदया म्हणून खाडीत मात्र सोडू नका. तिथलं पाणी त्याला सोसत नाही, टाकीतला रोगही बाहेर जातो. मोठी टाकी सांभाळणाऱ्या जाणकाराकडे द्या, आणि तोवर त्याला लागतं ते वेळेवर खाऊ घाला.