सही करण्यापूर्वी



सिनेमाचे शिक्षण म्हटले की आपल्या घरांत दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. पडद्यावर चमकणे, नाहीतर पोरगी हातची जाणे. त्यामुळे आमच्या चाळीतल्या एका मुलीने बी.कॉम., एलएल.बी. झाल्यावर, "मला सिनेमा आणि टीव्हीचा व्यवसाय व कायदा शिकायचा आहे," असे सांगताच तिच्या वडिलांनी जेवणाचे ताट बाजूला सारले. आई आमच्याकडे आली. "भाऊजी, तुमचं ऐकते ती. कोर्टात प्रॅक्टिस कर म्हणावं." आम्ही समजूत घालायला गेलो खरे, पण दोन तास बसून तिचेच ऐकत राहिलो.

या शिक्षणात नाच नाही की मेकअप नाही. आहे तो हिशेब आणि कागद. चित्रपटाला पैसा कोणी घातला, तो कोणत्या क्रमाने परत जाणार, कथा कोणाची, गाणे कोणाचे, टीव्हीला किती वर्षांसाठी दिले, नटाशी करार काय, सेन्सॉरचे प्रमाणपत्र कसे मिळते, हे सारे यात येते. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन शिकवतात. हा धंद्याचा आणि कायद्याचा अभ्यास त्याहून वेगळा. आपल्याकडे पहिला चित्रपट १९१३ साली आला, पण सरकारने चित्रपटाला उद्योग म्हणून मान्यता दिली ती १९९८ साली. तोवर बँका दारात उभे करीत नसत, पैसा सावकाराकडून यायचा. आम्ही जन्मभर खतावण्या लिहिणारे. सावकाराच्या वहीत काय काय दडते ते आम्हाला सांगायला नको.

गीतकारांची गोष्ट तिने सांगितली ती ऐकण्यासारखी आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पैसे देऊन चित्रपटासाठी लिहून घेतलेल्या गाण्याचा मालक निर्माता. वेगळा करार नसेल तर कवीला आणि संगीतकाराला पुढे काही मागता येत नाही. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी संसदेने याकडे पाहावे असे सुचवले होते. संसदेने पाहिले, पण २०१२ साली. पस्तीस वर्षे गेली! जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते, त्यांनी हा प्रश्न लावून धरला. आता चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणे वाजले तर वेगळे पैसे नाहीत, पण रेडिओ, टीव्ही, मोबाईलवर वाजले तर गीतकार व संगीतकाराचा रॉयल्टीत समान वाटा आहे, आणि तो करारात लिहून काढून घेता येत नाही.

मन्नू भंडारी यांचा खटला मुलींनी जरूर वाचावा. 'आपका बंटी' कादंबरीवरून चित्रपट निघाला, त्यात आपल्या कृतीची मोडतोड झाली म्हणून त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हक्क विकले तरी लेखकाचा आपल्या कृतीवरचा खास अधिकार संपत नाही, असे न्यायालयाने १९८६ साली सांगितले.

हे ऐकताना आमच्या मनात एक जुने दुखणे उठले. आमच्या वस्तीत एक शाहीर होते. १९९९ साली एका कॅसेट कंपनीच्या माणसाने त्यांची आठ गाणी घेतली, पाचशे रुपये आणि एक शाल दिली. कागदावर शाहिरांनी अंगठ्याएवढ्या अक्षरांत सही केली. साक्षीदार आम्ही होतो. नुकतेच बी.कॉम. झालेलो, पण कागद वाचला नाही. कॅसेट निघतेय याचाच आनंद! शाहीर २०११ साली गेले. वहिनी आजही चार घरची भांडी घासतात, आणि तीच गाणी जयंतीला चौकाचौकात, मोबाईलवर वाजतात.

वहिनींच्या ट्रंकेत कागद होता. मुलीने तो दोनदा वाचला. "काका, यात मुदतच लिहिलेली नाही." आम्ही म्हटले, म्हणजे कायमचे गेले. ती म्हणाली, "उलट आहे. कॉपीराइट कायद्याचे एकोणिसावे कलम पाहा. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत." म्हणजे २००४ सालीच मुदत संपली होती. ध्वनिमुद्रण कंपनीचे असले तरी शब्दांचा हक्क शाहिरांकडे, आणि आता वहिनींकडे व मुलांकडे. कवी गेल्यावर साठ वर्षे तो चालतो. २०७१ संपेपर्यंत! आम्ही पंधरा वर्षे त्या चौकातून मान खाली घालून जात होतो.

राहिला पैशाचा प्रश्न. नोकरी सांभाळून शिकायचे तर हैदराबादच्या नालसार विद्यापीठाची माध्यम कायद्याची आणि बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची बौद्धिक संपदा कायद्याची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने होते. परदेशात पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे तर अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्राच्या सवलती लागू आहेत, हे अजून काही घरांत माहीत नसते. अटी जाहिरातीगणिक बदलतात, त्या नीट वाचाव्यात. जातीचा दाखला, पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. तहसील कचेरीत शेवटच्या आठवड्यात काय गर्दी होते ते आम्ही रोज बघतो.

मुलीचे वडील कागद वाचला तेव्हा तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र, "पदविकेची फी हप्त्याने भरता येते का," असे त्यांनी आम्हाला जिन्यात विचारले.

मुलीच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी नोटिशीचा मसुदा करायला घेतला आहे. शाहिरांची हस्ताक्षरातली वही वहिनींच्या माहेरी आहे, ती आणायला येत्या रविवारी आम्ही तिघे जाणार आहोत.